मावशी, ती पट्टी खांद्यावरही चालली असती

मावशी, तुझ्या तेराव्याचं जेवण माझ्या घशाखाली व्यवस्थित उतरलं. आधी तेच सांगून टाकतो. पंगतीत वाढणारे माझ्यापाशी थांबून आग्रह करत होते. "डाक्टरला वाढा रे, लई केलं त्यानं मावशीचं. कुठून कुठून मशीन आणली." मी मान खाली घालून बुंदी खात होतो. थांबा, मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, असं एकदाही तोंडातून निघालं नाही. उलट कुणीतरी पुन्हा "भाचा असावा तर असा" म्हणालं, तेव्हा मी हात जोडले. नम्र माणसं जोडतात तसे.

तुला ठाऊक आहे मी काय केलं. सहा दिवस तुझं कपाळ पुसलं आणि सातव्या दिवशी चार माणसांसमोर तुला गप्प बस म्हणालो. त्यानंतर तू दवाखान्याची पायरी चढली नाहीस. तुझा हात अर्धा बरा झाला तिथंच राहिला. तुझ्या कुंभार पिंपळगावला एवढं सोडून बाकी सगळं माहीत आहे.

तुझा तो हात म्हणजे काय होता, हे माझ्या दवाखान्यातल्या कागदावर लिहिलेलं नाही. कागदावर लिहिलंय, उजवा हात, पकड नाही, अंगठा हलत नाही. पण सरकीच्या, म्हणजे संकरित बियाण्याच्या, प्लॉटात कपाशीचं क्रॉसिंग करणारी अख्ख्या तालुक्यातली प्रत्येक बाई तुला ओळखायची ती त्या अंगठ्यावरून. उद्या फुलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याचं नख बुडाशी फिरवायचं आणि पाकळ्या, नराचा भाग, सगळं एका झटक्यात सोलून काढायचं. आतली मादीची नाजूक काडी तेवढी शाबूत राहिली पाहिजे. सकाळी तिच्यावर नराचं फूल घासायचं. ते नख तू मुद्दाम वाढवायचीस आणि भाकरी थापताना जपायचीस. दिवाळीच्या सुटीत मी आलो की मला ओळीत उभं करून शिकवायचीस. माझ्या हातून काडी हटकून मोडायची. तू म्हणायचीस, "दिलप्या, तू आपला शाळा शिक. तुझ्या हातात कळी द्यायची म्हंजे कसायाच्या हातात कोकरू." मग स्वतःच हसत बसायचीस, ओळभर बायका हसायच्या, आणि मी रागावून बांधावर जाऊन बसायचो. तेव्हापासूनच मला चारचौघांत हसलेलं खपत नाही. हे पुढं महागात पडलं.

त्या हाताला लकवा मारला तेव्हा मी नव्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, दवाखाना टाकून वर्षही झालं नव्हतं. फिजिओथेरपी म्हणजे मालिश समजणारे लोक, त्यांना समजावता समजावता जीव मेटाकुटीला यायचा. आणि त्याच सुमारास पुण्याचे आमचे जुने सर मला ती डबी देऊन गेले. जेवणाच्या डब्याएवढी, आत बॅटरी, बाहेर दोन वायरी, वायरींच्या टोकाला रबराच्या दोन पट्ट्या. पट्ट्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज चढवायचा आणि डोक्याला लावायच्या. कापाकापी नाही, सुई नाही, भूल नाही. वीसेक मिनिटं बारीकसा करंट जातो, डोक्याला थोडं चुणचुणतं, आणि त्या वेळात हाताचा व्यायाम करून घ्यायचा. मराठवाड्यात असं यंत्र मीच पहिल्यांदा चालवतोय, या गुर्मीत मी होतो. खरं होतं की नाही देव जाणे, पण मी सगळ्यांना तसंच सांगायचो.

तू माझ्या घरी राहायला आलीस ती दहा दिवसांच्या बोलीवर. काका प्लॉट सोडून येऊ शकत नव्हते, त्यांनी जीपनं तुला आणून सोडलं आणि उलट्या पावली गेले. जाताना म्हणाले, "तुझ्या हवाली करून चाललो बरं का." मी म्हणालो, काका, बिनघोर जा.

पहिल्या दिवशी तू विचारलंस, "ह्या करंटनं हात आपोआप हालतो का?"

मी समजावलं. हात आपोआप हलत नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला उजव्या हाताची जागा असते. लकव्यानं त्या जागेचं काही मेलंय आणि जे उरलंय ते सुस्तावलंय. ही वीज इतकी मंद असते की ती त्या पेशींना हुकूम देत नाही, फक्त जरा सावध करते. त्या सावध असताना तू बोट हलवायचा प्रयत्न केलास, की तो प्रयत्न आत जास्त मुरतो. करंट बंद झाल्यावरही तासभर हा परिणाम टिकतो. रोज केलं की साठत जातो.

"म्हंजे रान वल्लं करून मंग पेरायचं," तू म्हणालीस.

इतकं नेमकं मला परीक्षेतसुद्धा लिहिता आलं नव्हतं. पण मी "तसंच काहीसं" म्हणून विषय उडवला. मावशी, आणखी एक गोष्ट मी उडवली. हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही, कुणाला गुण येतो, कुणाला काहीच होत नाही, आणि का, ते अजून कुणालाच धड सांगता येत नाही, हे मी तुला बोललो नाही. तू विचारलंस, "बरा होईल ना बिलकुल?" मी म्हणालो, शंभर टक्के.

पहिल्या दिवशी डबीवरचा करंटचा काटा सारखा खाली येत होता, वीस मिनिटं कशीबशी निभली. तुझ्या डोक्याला चांगलं पळीभर तेल होतं. गावाहून शहरात, तेही दवाखान्यात जायचं म्हणून तू केस चापून-चोपून बसवून आली होतीस. तेलातून वीज जात नाही म्हटल्यावर तू हसलीस. "इतकं नटून आले अन् उलटंच झालं की." संध्याकाळी न्हाणीत बसून एका हातानं शिकेकाईनं केस धुतलेस, माझ्या बायकोला, सुनीतेला, पाणी घालायला लावलंस, आणि दहा दिवस तेलाचं बोट लावायचं नाही असं स्वतःच ठरवलंस. लग्न झाल्यापासून बिनतेलाची कधी राहिली नव्हतीस. तेल तू न मागता सोडलंस. म्हणून मला वाटलं, बाकीचंही असंच सुटेल.

एक पट्टी हाताच्या जागेवर, डोक्याच्या डाव्या बाजूला. दुसरी उजव्या भुवईच्या वर, कपाळावर. पुस्तकात तशी आकृती होती. पट्टी तळहाताएवढी रुंद, ती कपाळाच्या मध्यापर्यंत येणारच. आणि तिथं तुझं कुंकू, खाली मेण लावलेलं, बंद्या रुपयाएवढं.

पहिल्याच दिवशी मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पुसलं.

विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. दिवसात दहा पेशंटची कातडी पुसतो, तशीच ती पुसली. मेण चिवट होतं म्हणून दोनदा जोर लावून घासलं. मीनल, माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी, तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी तिच्याकडे पाहिलं ते ती पट्टी लवकर देईना म्हणून. तुझ्याकडे पाहिलंच नाही. नंतर मीनलनं सांगितलं की तुझा डावा हात पटकन वर आला होता आणि पुन्हा खाली गेला होता.

वीस मिनिटं झाली, पट्ट्या काढल्या. तू कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढलीस. दातांनी झाकण उघडलंस. डाव्या हाताच्या बोटानं लावायला गेलीस, ते भुवईपाशी सरकलं. पुसून पुन्हा लावलंस, तेही वाकडंच. मीनल पुढं झाली तर तिला म्हणालीस, "राहू दे माय, नवरा जिता हाये माझा, माझं मी लावते." हसत म्हणालीस. मी पुढच्या पेशंटचा हात हातात घेतला होता.

असं सहा दिवस चाललं. रोज सकाळी तू कुंकू लावूनच यायचीस. मला वैताग यायचा. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "मावशी, तुला माहीत असतं इथं काढावं लागतं, तर लावून येतेस कशाला?" तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी विचारतोय की घरून लुगडं नेसून येतेस कशाला. मग मी म्हणालो, निदान टिकली लाव, चिकटवायची-काढायची सोय. तू म्हणालीस, "टिकली काढायला बी कुणाचा तरी हात लागतोच की रे." मला ते शहाणपण वाटलं नाही, हट्ट वाटला. घरी सुनीतेला म्हणालो, अडाणीपणा माणसाला बरं होऊ देत नाही. तू आतल्या खोलीत होतीस. ऐकलंस का? दार उघडंच होतं.

आणि तरी, मावशी, सहाव्या दिवशी अंगठा हलला. तुझ्या समोर लाकडी ठोकळे मांडले होते, करंट चालू होता, तू कपाळाला आठ्या घालून तळव्यात मिटलेला अंगठा उचलायला बघत होतीस, आणि तो उचलला गेला. पहिल्या बोटाच्या कडेला येऊन टेकला. तू ठोकळे सोडून दिलेस आणि हवेतच तो अंगठा पुन्हा पुन्हा टेकवत बसलीस, कळी सोलल्यासारखा. मीनलनं टाळ्या वाजवल्या. तुझे डोळे भरले, माझेही भरले. त्या दिवसाचं एवढंच माझ्याजवळ निखळ आहे, ते मी जपून ठेवलंय. मग तू डोळे पुसून म्हणालीस, "खरं सांग, हे तुझ्या डबीनं झालं का मी दिसभर बोटं हालवून हालवून मेले त्यानं?" मी म्हणालो, डबीनं. तू म्हणालीस, "मला तर वाटतं, दोन्हीनं." आपण घरी पोचेपर्यंत यावर भांडलो. तो वाद अजून मिटलेला नाही. माझ्यापेक्षा तुझंच उत्तर बरोबर होतं, बहुतेक. मलाही खात्री नाही आणि तेव्हाही नव्हती.

सातव्या दिवशी औरंगाबादहून मेंदूचे डॉक्टर आले होते. महिन्यातून एकदा ते जालन्यात येत, आणि माझं यंत्र बघायला ते येणार म्हणून मी पडदे धुऊन घेतले होते. त्यांनी चार पेशंट माझ्याकडे पाठवले असते तर दवाखाना उभा राहिला असता. तू खुर्चीत, मीनल बाजूला, डॉक्टरांचा एक सहकारी वही घेऊन उभा. मी बोळा भिजवला.

तेव्हा तू बोललीस. सगळं नीट विचार करून आली होतीस, हे आता कळतं.

"एक विचारू का? दोन वायरी हायेत. एक डोक्यात करंट नेती, ती बराबर हाताच्या जागेवर पाहिजे. दुसरी तर करंट वापस न्यायला हाये ना? आमच्या हिरीवरच्या मोटारीची अर्थिंग बांधाला कुठंबी गाडत्यात. मंग ही दुसरी पट्टी कपाळावरच कामून? खांद्यावर न्हाई का लावता येत?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. कौतुकानं हसले ते. "अरे वा, मावशी तर इंजिनिअर निघाल्या. काय हो, विचारताहेत ते सांगा की."

माझे कान तापले. तीच कपाशीची ओळ, त्याच हसणाऱ्या बायका, तसं काहीतरी झालं मला. मी म्हणालो, "मेंदू आहे तो, विहिरीवरचा पंप नाही. कळत नसेल तर गप्प बस, मावशी. मला माझं काम करू दे."

आणि पुसलं. सगळ्यांदेखत.

आता ऐक. खांद्यावर लावता येते. ज्या लेखांची चळत मी टेबलाच्या खणात ठेवली होती, त्यातल्याच एकात खांद्यावर पट्टी लावलेल्या पेशंटची आकृती होती. मी ती पाहिली होती. करंटची वाट थोडी बदलते, थोडा हिशेब फिरवावा लागतो, परिणाम तंतोतंत तोच येईल असं नाही. पण चालतं. तू विहिरीवरच्या मोटारीवरून जे काढलंस ते बरोबर होतं, आणि तू बोलत असताना मला माहीत होतं की ते बरोबर आहे.

त्या दिवशीची वीस मिनिटं तू ठोकळे उचललेस. शेवटी कुंकवाची डबी काढली नाहीस. तशीच, कोऱ्या कपाळानं, पदर पुढं ओढून रिक्षात बसलीस. घरी गेल्यावर आत जाऊन लावलं असशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पिशवी दारात. "कपाशीला कळ्या लागल्या जोरात. तुझ्या काकाला माणसं मिळून न्हाई राह्यली. जाते मी." मी म्हणालो, तीन दिवस राहिलेत. तू म्हणालीस, "जमंल तसं येते." सुनीता रडायला लागली. मी घड्याळ पाहत होतो. मला वाटलं, रुसलीय, येईल. वाटलं, आपण कशाला नमतं घ्यायचं, हात तिचा आहे. हो मावशी, अगदी असंच वाटलं. हात तिचा आहे.

मग अडीच महिने गेले. एकदा तुझ्या गावच्या एका पेशंटकडून कळलं की अंगठा आहे तसाच आहे, ना पुढं ना मागं. मी त्यालाच सांगून पाठवलं, व्यायाम चालू ठेव म्हणावं. भाच्यानं मावशीला परक्या माणसाकडून व्यायामाचा निरोप धाडला.

दुसरा झटका आला तेव्हा तुला घनसावंगीच्या दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही. मी पोचलो तर अंगणात तुला न्हाऊ घालून ठेवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून गावभरच्या बाया येऊन तुझं कपाळ भरत होत्या. एक जायची, दुसरी यायची. भुवयांपासून केसांपर्यंत सगळं लाल झालं होतं. कुणीतरी माझ्या हातात फुलं दिली. मला तुझ्या पायांशी वाकता आलं, तोंडाशी जाता येईना. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, मावशी. तुला आई म्हणावं इतकी तू माझी होतीस. पण मी मागं राहिलो ते लाजेनं.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले. काका बाजेवर बसले होते. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, म्हणून मी जवळ जाऊन खाली बसलो.

"काका, ती पट्टी कपाळावर लावायची गरज नव्हती. खांद्यावर चालली असती."

काका बाजेवर पुढं सरकले. मग म्हणाले, "हे तुला मागून कळलं का?"

बघ, कसा माणूस आहे. मला सुटायला वाट करून देत होते. मी हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही. तेव्हाच माहीत होतं. ती सगळ्यांसमोर बोलली, ते मला खपलं नाही."

"मला माहीत हाये," काका म्हणाले. "आल्या दिशीच सांगितल्तं तिनं. गावाला मात्र सांगितलं, मशीननं डोकं दुखतं, सहन होत न्हाई म्हणून वापस आले. मलाबी बजावलं, दिलप्याचं नाव काढायचं न्हाई, नवा दवाखाना हाये त्याचा."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग मला उठता आलं नाही.

"कुकवाचा राग कवाच गेल्ता तिचा," ते म्हणाले. "मीच म्हणलो, मी बसलोय ना इथं धडधाकट, पुसलं तर पुसलं. तीबी म्हणली, खरंय, हातापुढं काय. पिशवी भरून ठेवल्ती बघ दाराशी. रोज म्हणायची, दिलप्याचा फोन येईल, 'मावशी, ये' म्हणल, मंग जाऊ. एवढंच म्हणू दे, बाकी काय न्हाई."

फोन माझ्या टेबलावरच असायचा, मावशी. तुझ्या घरचा नंबर मला पाठ आहे.